उत्तराचा रकाना

मंडळी, आजचा विषय ब्रिटनमधल्या 2010च्या निवडणुकीतल्या नेत्यांच्या चर्चा. पण आधी एका स्पर्धेचं सांगतो. तुमच्यातले बरेच जण कधी ना कधी परीक्षक झालेले आहेत, त्यामुळे गुणपत्रिका तोंडपाठ असेल: मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव. एका महाविद्यालयात वादविवादाला मी होतो. विषय धरणांचा. एका मुलीनं समोरच्याला विचारलं, "विस्थापितांना जमीन देणार म्हणता, ती कुठली?" मुलगा छान हसला, एक शेर म्हणाला, सभागृह टाळ्यांनी दणाणलं. जमिनीचं राहूनच गेलं. आम्ही तिघांनी बेरीज केली आणि ढाल त्याला दिली. मुलगी नंतर माझ्याकडे आली. "सर, त्यानं उत्तर कधी दिलं?" मी आयोजकांच्या दोन वर्षं मागे लागलो, उत्तरासाठी एक रकाना वाढवा म्हणून. "पत्रिका छापून झाल्यात सर," एवढंच ऐकलं. ती मुलगी अजून माझ्या मनातून जात नाही.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. तर मँचेस्टर, 15 एप्रिल 2010. ब्रिटनमधली पक्षनेत्यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा. तेव्हाचे पंतप्रधान, मजूर पक्षाचे गॉर्डन ब्राऊन, हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरून आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग. नियम 76, त्यात प्रेक्षकांना टाळ्यांचीही बंदी. हा नियम मला फार आवडतो, आपल्याकडे आणावा असा आहे. क्लेग थेट कॅमेऱ्यात बघून, प्रश्न विचारणाऱ्यांची नावं लक्षात ठेवून बोलले. ब्राऊन तर "निकशी मी सहमत आहे" म्हणत राहिले. यूगव्ह या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीच्या त्याच रात्रीच्या चाचणीत 51 टक्क्यांनी क्लेगना विजयी ठरवलं. तीन आठवड्यांनी, 6 मे रोजी मतदान झालं, तेव्हा त्यांच्या पक्षाच्या जागा 62वरून 57वर आल्या.

आता मुख्य मुद्दा, घाईतच सांगतो. त्या वेळी खरा प्रश्न होता सरकारी तुटीचा: कशावरचा खर्च कापणार? तिसऱ्या चर्चेच्या दोनच दिवस आधी तिथल्या वित्तीय अभ्यास संस्थेनं (आयएफएस, सरकारी जमाखर्च तपासणारी स्वतंत्र संस्था) सांगितलं होतं की तिन्ही पक्षांनी लागणाऱ्या कपातीचा पुरेसा तपशील दिलेला नाही. हावभावांचे गुण देणाऱ्याला हे दिसतच नाही. पुढे मूल्यवर्धित कर साडेसतरावरून 20 टक्के झाला. विद्यापीठांच्या शुल्कवाढीविरुद्ध मत देण्याची लेखी हमी क्लेगनी दिली होती. डिसेंबर 2010मध्ये, कॅमेरून यांच्याबरोबरच्या आघाडी सरकारात उपपंतप्रधान असताना, त्यांनी कमाल शुल्क 9,000 पौंड करण्याच्या बाजूनं मत दिलं. 2012मध्ये माफी मागितली. 2015मध्ये त्यांच्या पक्षाला फक्त 8 जागा मिळाल्या.

माझं म्हणणं एवढंच: चर्चा बघताना कागद घ्या. डावीकडे प्रश्न, मधे उत्तर, उजवीकडे आकडा. उत्तर आलं नाही तर रकाना कोरा सोडा, आणि कोण जिंकलं ते सकाळपर्यंत कुणाला सांगू नका. असे कागद मी छापून आणलेत. दाराशी ठेवले आहेत, जाताना पाच-पाच न्या.