हॉकीचा विश्वचषक आणि मंडईतला बोकड

(झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका गावच्या हिवाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून. मंडई म्हणजे इथली गावजत्रा.)

अध्यक्ष महोदय, मंडई समितीचे दादा लोक, मायबहिणींनो, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या पोट्ट्यांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'पुरुषांचा हॉकी विश्वचषक : 1975 नंतर आपण का जिंकलो नाही?' धान चुरण्याचे, म्हणजे मळणीचे, दिवस असूनही एवढे लोक आलात, म्हणजे हॉकीला या गावात जागा आहे असं मी धरून चालतो.

1975 चा मार्च महिना आणि क्वालालंपूर. इथल्या पिकल्या केसांच्या मंडळींना सांगायला नको, ट्रान्झिस्टरवर समालोचक जसदेव सिंग बोलत होते. तिसराच विश्वचषक तो. 1971 ला बार्सिलोनात आपण तिसरे, 1973 ला अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून पेनल्टी स्ट्रोकवर हरलो. या वेळी उपांत्य फेरीत समोर यजमान मलेशिया, आणि आपण 2-1 नं मागे. सत्तर मिनिटांच्या खेळातली पाचेक मिनिटं उरलेली. पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि बाकावर बसलेल्या अस्लम शेर खानला आत पाठवलं. पोरानं गळ्यातल्या तावीजाचं चुंबन घेतलं आणि पहिल्याच फटक्यात बरोबरी. जादा वेळेत हरचरण सिंगनं गोल केला, 3-2.

अंतिम सामना 15 मार्चला, पाकिस्तानशी. पहिला गोल त्यांचा. सुरजित सिंगनं पेनल्टी कॉर्नरवर फेडला. मग अशोक कुमार, मेजर ध्यानचंदांचा मुलगा. त्याचा फटका गोलच्या आतल्या कोपऱ्याला लागून बाहेर आला. पाकिस्तानी खेळाडूंनी हुज्जत घातली, पंच हलले नाहीत. 2-1. कर्णधार अजितपाल सिंगनं चषक उचलला. ऐकता ऐकता हसलात ना पोट्ट्यांनो? हसा. हे तुमचंही आहे.

का तुमचं, ते सांगतो. त्याच संघात मायकल किंडो नावाचा फुलबॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, होता. आदिवासी पोरगा, आजच्या झारखंडातल्या सिमडेगा भागातला. सिमडेगा आणि शेजारचं ओडिशातलं सुंदरगड, हा सगळा मुलूख आपल्यासारखाच. साल, मोह, बांबू, धान. तिथल्या गावांत 'खस्सी' स्पर्धा होतात. खस्सी म्हणजे बोकड. जिंकलेल्या संघाला बोकड मिळतो, सगळा गाव मिळून खातो. पोरं वाकडी फांदी तोडून स्टिक करतात नि अनवाणी खेळतात. त्या सुंदरगडातल्या सौनामारा या एकाच गावानं दिलीप तिर्की दिला, तीन ऑलिंपिक खेळलेला, आणि अमित रोहिदासही दिला. एका गावानं! आपल्या तालुक्यात गावं किती आहेत, मोजा.

आता माझं दुखणं ऐका. मी शाळेत खेळ शिकवत होतो. पोट्ट्यांना बांबूचं काम उपजत येतं. एकानं चेंडूसाठी बांबूचा जमिनीतला गड्डा खणून आणला, मुळ्या छाटल्या, कोयत्यानं तासला, मग विटेच्या तुकड्यावर घासून घासून गोल केला. हातात घेतला तर एका बाजूला जड. त्यानं तो पाण्यात टाकला, कोणती बाजू खाली जाते ते बघितलं, आणि तेवढीच बाजू परत घासली. सातवीतला पोरगा! स्टिकला मुळाजवळचं वाकडं खोड. पाटावरच्या धूळवाटेवर असा खेळ चालायचा की शेतावर जाणारे लोक डोक्यावर ओझं घेऊन उभे राहायचे.

मी खऱ्या स्टिकांसाठी अर्ज केला. दोन डझन स्टिका, चेंडू, गोलकीपरचे पॅड, एवढंच. कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "गुरुजी, टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, आहे का तुमच्याकडे?" म्हटलं, नाही. "मग स्टिका कशाला? आजकाल हॉकी टर्फवरच होते." अर्ज परत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. तो चेंडू करणारा पोरगा दहावीनंतर वीटभट्टीवर गेला. मला या सगळ्याचा राग आजही येतो. तुमच्यासमोर येतो आहे, माफ करा, पण लपवणार नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? बरं, पाच.

तर मूळ विषय. सगळे म्हणतात, 1976 ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम टर्फ आलं आणि भारतीय हॉकी संपली. आपण सातवे आलो, खरं आहे. पण 1980 ला मॉस्कोत टर्फवरच सुवर्ण जिंकलं. पाकिस्तानची माती आपल्यासारखीच, तरी त्यांनी 1994 ला सिडनीत विश्वचषक नेला. म्हणजे टर्फ हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की खेळणाऱ्या गावांची संख्याच आटली. संघ येतो ठराविक भागांतून. ओडिशानं 2018 पासून राष्ट्रीय संघाला पैसा दिला, 2023 च्या विश्वचषकासाठी सुंदरगडातल्या राउरकेलात बिरसा मुंडांच्या नावानं स्टेडियम उभं केलं. त्या विश्वचषकात आपण न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरलो, पण सुंदरगडाची पोरं घरच्या मैदानावर देशासाठी खेळली. टोकियो नि पॅरिस ऑलिंपिकला कांस्य आलं. विश्वचषकातलं पदक मात्र 1975 नंतर नाही.

आणि एक, पाच-पाच जणांच्या हॉकीचा विश्वचषक 2024 ला मस्कतला झाला. त्याचं मैदान नेहमीच्या मैदानाच्या निम्म्याहून लहान. सरावाला तेवढी जागा आपल्या प्रत्येक शाळेमागे निघते.

म्हणून मागणी एकच. मंडईत रात्री नाटक होऊ द्या, कबड्डी होऊ द्या, पण दुपारी पाच-पाचची हॉकी ठेवा. बक्षीस बोकड. पोरींचा वेगळा गट, त्यांनाही बोकडच, कोंबडा नाही. स्टिका बांबूच्या चालतील. समितीचे दादा पुढच्या रांगेत आहेत, सभा झाल्यावर निघू नका. माझ्याकडे वही आहे. आठ गावांची नावं आज लिहून घ्यायची आहेत, आणि पहिला बोकड माझ्या गोठ्यातला.