गॅदरिंगचं गेट

(एका महाविद्यालयात विद्यार्थी परिषद आणि गॅदरिंगचे स्वयंसेवक यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

नमस्कार. तुमच्या सांस्कृतिक सचिवांनी मला समित्यांची यादी आधीच पाठवली होती. स्टेज, सजावट, पाहुणे, अल्पोपहार, प्रसिद्धी, शिवाय रील्ससाठी स्वतंत्र समिती. यादी झकास आहे. गेटवर कोण, हे शोधत गेलो तेव्हा अगदी तळाशी एक ओळ सापडली : 'गेट – एनएसएसची मुलं'. किती मुलं, किती वाजल्यापासून, त्यांचा प्रमुख कोण, काहीच नाही. म्हणून आज मी बराचसा वेळ गेटबद्दलच बोलणार आहे. सजावट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळते.

२५ नोव्हेंबर २०२३. कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात अभियांत्रिकीच्या मुलांचा टेकफेस्ट चालू होता. संध्याकाळी गायिका निकिता गांधी यांचा कार्यक्रम होता. गेटमधून आत पाऊल टाकलं की लगेच खाली उतरणाऱ्या पायऱ्या, अशी तिथली प्रेक्षागृहाची रचना. काही मुलं आत बसलेली, बरीचशी बाहेर ताटकळत. तेवढ्यात पाऊस आला. बाहेरचे लोक आडोशासाठी एकदम गेटकडे धावले. पुढचे पायऱ्यांवर कोसळले आणि मागच्यांना ते दिसलंच नाही, ते ढकलत राहिले. चार जण गेले, त्यातले तीन त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. पन्नासहून अधिक जखमी. गाणं अजून सुरूही झालं नव्हतं.

मुंबईत राहिलेल्यांना यावरून २९ सप्टेंबर २०१७ आठवेल. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा तो जिना, अचानक आलेला पाऊस, पुलावर खोळंबलेली माणसं. २३ जण गेले. दोन्हीकडे कारणं बघा : पाऊस, जिना, अरुंद वाट. यात 'आजकालच्या पोरांना शिस्त नाही' हे कुठे बसतं? अपघातानंतर हे वाक्य पहिलं येतं आणि त्यामुळे वाट कुणी आखली होती हा प्रश्न बाजूला पडतो.

आता एक करून बघू. जरा पुढे या.

(वक्त्यांनी व्यासपीठावर खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखला आणि चार विद्यार्थ्यांना त्यात उभं केलं.)

चौघं आहेत. हात हलतायत, मागे वळता येतंय. अजून दोघं या. आता सहा झाले. तू मागच्या खिशातून मोबाइल काढ बघू. कोपर शेजारच्याच्या पोटात गेलं ना? हसताय, कारण चारही बाजू मोकळ्या आहेत. आता असेच चौकोन पुढे, मागे, दोन्ही बाजूंना भरलेले आहेत असं समजा. अशा दाटीत माणूस आपल्या मर्जीने चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. पडलेल्याला उठवायला वाकायचं तर तेवढीसुद्धा जागा नसते. बसा, धन्यवाद.

म्हणून उभ्याने बघायच्या कार्यक्रमाला चौरस मीटरला दोन माणसं धरा, त्याहून जास्त नको. तुमचं पटांगण ३० मीटर बाय २० मीटर आहे असं मला सांगितलंय. म्हणजे ६०० चौरस मीटर. त्यातून स्टेज, साउंडचं टेबल, खुर्च्या आणि मधली वाट वजा करा. उरतील साडेचारशे, म्हणजे माणसं नऊशे. पास किती छापलेत? (श्रोत्यांतून : "पंधराशे.") बरं. छापखान्याला आज संध्याकाळीच फोन करा.

दुसरा हिशेब बाहेर पडण्याचा. एक मीटर रुंदीच्या दारातून मिनिटाला साठ-सत्तर माणसं शांतपणे जातात. पायऱ्या असल्या की त्याहून कमी. तुमचं छोटं गेट एक मीटरचं. नऊशे माणसांना तिथून निघायला पंधरा मिनिटं लागतील, तीही घाई नसताना. शॉर्टसर्किट झालं तर पंधरा मिनिटं कोण थांबणार? मागचं मोठं गेट उघडा. त्याची किल्ली वॉचमनकाकांच्या खिशात आणि वॉचमनकाका चहाला, असं चालणार नाही. कार्यक्रमभर कुलूप काढून ठेवायचं आणि तिथे दोघं उभे करायचे, ज्यांना आपला डान्स चुकला तरी चालेल. आणि पाऊस आला तर बाहेरची रांग कुठे वळवायची, हे आजच ठरवा. फेब्रुवारी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, अवकाळी तारीख विचारून येत नाही. पार्किंगची शेड आहे ना? गाड्या दुसरीकडे लावा, रांग शेडखाली घ्या. दारं कार्यक्रमाच्या तासभर आधी उघडा, म्हणजे लोक थोडे थोडे आत येतात. 'पाहुणे आल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही' हा आपल्याकडचा लाडका आदेश. गर्दी तोच तयार करतो.

कार्यक्रम थांबवायचा अधिकार एका माणसाला द्या आणि निवेदकाला त्याचा चेहरा माहीत असू द्या. प्राध्यापक असेल तर उत्तम. त्याने हात वर केला की माइक बंद, लाइट चालू. त्या वेळी चर्चा नको.

आता वेळेकडे येतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर अशांना जातात. गॅदरिंगचा नंबर त्यात लागत नाही. शिवाय शैक्षणिक संस्थेच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, आणि तसं जाहीर झालेलं असेल तर तुम्ही त्याच्या अगदी मधोमध बसलाय. पोलीस ठाण्यातल्या साहेबांना हे पाठ असतं. अर्ज लवकर द्या, पोच घ्या.

तुमचे २० आयटम, प्रत्येकी ६ मिनिटं, म्हणजे दोन तास, असं वेळापत्रकात लिहिलंय. दोन आयटमच्या मध्ये स्टेजवरचं सामान हलवायला आणि माइक लावायला तीन मिनिटं जातातच. तो झाला अजून एक तास. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं यांचे पाऊण तास. सहाला सुरू झालं तर पावणेदहा, आणि आपल्याकडे सहाचं साडेसहा होतं. दहा ओलांडले. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात प्रहसनाला १० मिनिटं आणि मूकनाट्याला ५ मिनिटं मिळतात, आणि मुलं तेवढ्यात बसवतात की! आयटम १४ करा. सत्कार एकत्र उरका. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो हे प्रत्येकाला वेगळं केलं की मागच्या रांगा शिट्ट्या मारू लागतात, आणि मला त्यांचा फारसा राग येत नाही. वेळ पाळायचं आणखी एक कारण म्हणजे शेवटची एसटी. आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या मुली तिच्यावर अवलंबून असतात. तिची वेळ वेळापत्रकात सगळ्यात वर लिहा.

पैशांचं थोडक्यात. साउंड, मंडप, जनरेटर, प्रत्येक कामासाठी तीन वेगवेगळ्या लोकांकडून दरपत्रकं. प्रायोजकाचा चेक कॉलेजच्या नावाने, खजिनदाराच्या मोबाइलवर क्यूआर कोड लावून वर्गणी नाही. पावती दिल्याशिवाय रुपया घ्यायचा नाही. एवढं केलंत तर मार्चमध्ये ऑडिटर तुमच्याशी प्रेमाने बोलेल.

(एका विद्यार्थिनीने विचारलं : "सर, मुख्य प्रायोजक दोनशे पास मागतायत. नाही म्हटलं तर पैसे जातील.")

चांगला प्रश्न. नाही म्हणू नका. नऊशेतले दोनशे त्यांना द्या आणि उरलेले सातशेच वाटा. जागा मात्र वाढवू नका. आणि ते पास वेगळ्या रंगाचे काढा, मोठ्या गेटने आत घ्या. 'मी अमक्याचा माणूस' म्हणणारे त्यांच्यातच जास्त असतात. त्यांच्याशी बोलायला एनएसएसचं पहिल्या वर्षाचं पोरगं उभं करू नका, एखाद्या ज्येष्ठ सरांना खुर्ची टाकून बसवा.