सुताचा पीळ

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे. मी डावखुरा. गुरुजींसमोर उजव्या हातानं टकळी फिरवायची, त्यांची पाठ वळली की डाव्या हातानं गरकन! एकदा ते सूत घरी आणलं. आजीला दोपदरी दोरा हवा होता. तिनं एक पदर आपल्या सुताचा घेतला, एक माझ्या, आणि मांडीवर वळायला लागली. दोरा काही केल्या बसेना. तिचा पदर उकलत जाई, माझ्याला आटे पडत. तिनं माझं सूत उजेडात धरलं, नखानं थोडं उलगडलं. "डाव्या हातानं कातलंस ना रे?" मला कातताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं. डाव्या हातानं टकळी उलटी फिरते, पीळही उलटा बसतो. त्या पिळानंच सांगितलं तिला. डावखुऱ्या पोरांच्या हातावर आजही फटके बसतात, ते थांबवा हो. ती बोटं तशीच चालायची.

तर पीळ लक्षात ठेवा. इजिप्तमध्ये, तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे. 1994 पासून तिथं उत्खनन सुरू झालं. कोरड्या वाळूतल्या उकिरड्यांत कापडाच्या चिंध्या टिकून राहिल्या. त्यांत सुती तुकडे निघाले, काही निळीत रंगवलेले, नक्षीच्या जागी रंग लागू न दिलेले. ते भारतातले, हे कशावरून? पिळावरून! नाईलकाठचं सूत एका अंगाला पिळलेलं, आपल्याकडचं दुसऱ्या. तिथले लोक डावखुरे होते असं नाही. तिथं पूर्वापार जवसाच्या झाडाचा तंतू कातत. तो ओला तंतू वाळताना आपणच त्या अंगाला वळतो, म्हणून तिथली रीत तशी पडली. आपलं सूत उभं धरलं, की तंतू इंग्रजी झेडच्या मधल्या रेघेसारखे तिरके दिसतात. घरी भिंगातून बघा.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांची नावं आहेत. तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. तिथून जहाजात. संग्रहालयात नाण्यांना काचेची कपाटं मिळतात, चिंध्या मात्र खोक्यात. मला हे पटत नाही.

बेरेनिकेच्या उकिरड्यात शिडाचेही तुकडे सापडले, सुती, वर पट्ट्या शिवून बळकट केलेले. त्यांचा पीळही तोच, आजीच्या सुताचा.