लाल म्हणजे जाऊ द्या

(दृश्य: पहाट. गोठ्यात धार काढणं चालू आहे.)

आरे कॉलनी, गोरेगाव. मुंबई शहरातली गुरं बाहेर हलवायला 1949 साली वसवलेली वसाहत. म्हशीला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाला की कासेत अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. उपचार थांबले तरी औषध काही दिवस दुधात उतरत राहतं. तेवढे दिवस ते दूध विकायचं नसतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तपासायचं साधन मात्र गोठ्यात सहसा नसतं.

(दृश्य: प्रयोगशाळा. उकळतं चंचुपात्र, अगदी जवळून.)

तसं साधन इथं बनतंय. हे फिकट पिवळं पाणी म्हणजे गोल्ड क्लोराइडचं द्रावण. खळखळून उकळी आली की सायट्रेट एकदम ओतायचं. आता बघा. पिवळा गेला... बिनरंगी... काळपट झाक... आणि हा डाळिंबी लाल! झवेरी बाजारात पिवळं चमकतं ते हेच सोनं. इथं एकेक कण जेमतेम 15 नॅनोमीटरचा. असलं लाल सोनं मायकेल फॅरडेनं 1857 सालीच अभ्यासलं होतं. काचसामान आधी अम्लराजानं, म्हणजे तीव्र आम्लांच्या मिश्रणानं, धुवायचं. त्यात हयगय झाली तर रंग हवा तसा येत नाही.

(दृश्य: ओळीनं ठेवलेल्या कुप्या. पिपेटमधून थेंब पडतो.)

कण सुटे तोवर लाल, एकमेकांना चिकटले की जांभळे-निळे. मीठ घातलं की ते चिकटतात. म्हणून त्यांच्यावर डीएनएचे आखूड धागे बसवलेत, कॅनामायसिन हे अँटिबायोटिक ओळखणारे. धाग्यांपुढे मिठाचं काही चालत नाही. पण नमुन्यात कॅनामायसिन असलं की धागे सोनं सोडून त्याला जाऊन बिलगतात. कण उघडे पडतात.

उजवीकडच्या कुपीत मुद्दाम कॅनामायसिन घातलंय. निळी झाली. लोकलच्या सिग्नलच्या उलट प्रकार: लाल म्हणजे जाऊ द्या.

(दृश्य: फाटलेलं दूध, सेंट्रिफ्यूज.)

दूध थेट ओतून भागत नाही. आम्लानं फाडून, फिरवून, वरची निवळी घ्यायची. ही यातायात कमी झाली तरच कुपी गोठ्यापर्यंत पोचेल, आणि ती पोचायलाच हवी. महागडी यंत्रं आहेतच, पण दुधाचा टँकर त्यांच्या रिपोर्टसाठी थांबत नाही.

दुधातून अँटिबायोटिकचे अंश पोटात जात राहिले तर जंतू औषधाला सरावतात. दूध उकळून कॅनामायसिन जात नाही.

(दृश्य: कुपीसमोर धरलेला मोबाइल.)

युरोपात दुधातल्या कॅनामायसिनची मर्यादा किलोमागे 150 मायक्रोग्रॅम आहे. मर्यादेच्या आसपास रंग धड लाल नाही, धड निळा नाही, डोळा फसतो. तेव्हा फोटो काढून मोबाइलवर लाल-निळ्याचं प्रमाण मोजता येतं. तरीही शंका उरली, तर तो कॅन बाजूला ठेवायचा आणि नमुना मोठ्या प्रयोगशाळेत धाडायचा.