एक किलो आम्ल, एक किलो कॉस्टिक

(दृश्य: खाडीलगतचा रस्ता, वजनकाट्यावर उभा टँकर)

ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्याने दिघ्यापासून तुर्भ्याच्या पुढेपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात रसायनांची खरेदी-विक्री किलोने आणि टनाने होते. अभिक्रियेला मात्र वजन कळत नाही. तिच्यात ठरावीक संख्येने कण एकमेकांशी संयोग पावतात. सांडपाण्यातील आम्लाचे उदासिनीकरण करताना, म्हणजे अल्क मिसळून त्याची आम्लता घालवताना, हा फरक फार स्पष्टपणे समोर येतो.

समजा, टाकीत एक किलो हायड्रोक्लोरिक आम्ल आहे आणि कोणी तितक्याच वजनाचा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, त्यात टाकला. आम्लाचा एक रेणू कॉस्टिकच्या एका घटकाशी अभिक्रिया करतो, म्हणून हिशेब बरोबर वाटतो. परंतु आम्लाच्या एका मोलचे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या) वस्तुमान ३६.४६ ग्रॅम, तर कॉस्टिकच्या एका मोलचे ४० ग्रॅम असते. वस्तुमानाला या आकड्यांनी भागले की आम्लाचे २७.४३ मोल आणि कॉस्टिकचे केवळ २५ मोल भरतात. उरलेले सुमारे २.४ मोल आम्ल हजार लिटर पाण्यात असेल, तर त्या पाण्याचा सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्लयुक्त) २.६ च्या जवळपास राहील, आणि असे पाणी खाडीत सोडता येत नाही. योग्य हिशेब उलट्या दिशेने करावा लागतो: २७.४३ मोलला ४० ने गुणले की सुमारे १,०९७ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक लागेल, हे कळते. (बाजारातील आम्ल शुद्ध नसून पाण्यातील द्रावण असते, त्यामुळे आधी त्याच्या टक्केवारीवरून आम्लाचे खरे वस्तुमान काढावे लागते, प्रत्यक्षातील चुका बहुधा याच पायरीवर होतात.)

वस्तुमानावरून थेट संख्येकडे जाणारी वाट नाही. ती मोलमधूनच जाते. एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. इटालियन शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये वायूंविषयीचे गृहीतक मांडले, पण हा अंक त्यांना ठाऊक नव्हता. त्याला त्यांचे नाव पुढे १९०९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेरँ यांनी दिले. २० मे २०१९ पासून तो मोजून काढायचा अंक राहिलेला नसून व्याख्येनेच निश्चित केलेला आहे.

(दृश्य: फळ्यावर सल्फ्युरिक आम्लाच्या रेणूची आकृती)

विद्यार्थ्यांची अडचण गुणाकार-भागाकारात क्वचितच असते. कोणत्या कणांची संख्या विचारली आहे, हे न पाहिल्याने उत्तर चुकते. ९८ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल म्हणजे जवळजवळ एक मोल रेणू. प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन, गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू असल्याने त्याच ९८ ग्रॅममध्ये अणू मात्र सात मोल असतात आणि त्यांपैकी चार मोल ऑक्सिजनचे. उदासिनीकरणात महत्त्व आहे ते दोन हायड्रोजनना: या आम्लाच्या प्रत्येक मोलला कॉस्टिकचे दोन मोल लागतात, म्हणून एक किलोला सुमारे ८१६ ग्रॅम कॉस्टिक पुरते. दोन आम्ले, दोन्ही एकेक किलो, आणि तरीही हायड्रोक्लोरिक आम्लालाच कॉस्टिक अधिक लागतो. सल्फ्युरिक अधिक जहाल म्हणून त्याला अधिक लागेल, हा सर्वसाधारण समज इथे टिकत नाही.

टाकीत बुडवलेला सामूमापकही वजन दाखवत नाही. त्याचा आकडा लिटरमागे हायड्रोजन आयनांचे (विद्युतभारित कणांचे) किती मोल आहेत, हे सांगतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ म्हणजे लिटरमागे एका मोलचा एक कोटीवा भाग. त्याला अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने गुणले, तर उदासीन झालेल्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्येही असे सुमारे ६ गुणिले १० चा १६ वा घात इतके आयन असतात.