टाक्या ड्रेन केल्यास का?

नमस्कार मंडळी, नाताळ झाला, नवीन वर्ष दोन दिवसांवर आलंय, आणि फोन बघाल तर शुभेच्छांच्या फोटोंनी गच्च भरलाय. बर्फ, घंटा, गुलाबाचं फूल, गुलाबाचा या सणाशी काय संबंध कुणास ठाऊक, आणि खाली कुणाचं तरी सहकुटुंब सहपरिवार. मी ते सगळे सरळ डिलीट करतो, रागावू नका, पाठवणाऱ्यानंही कुठं वाचलेले असतात.

आज मी वेगळ्या शुभेच्छांबद्दल बोलणारे. इथे अमेरिकेत काही लोक जुन्या प्रवासी बस विकत घेतात, सीटा उपटून काढतात, आत बेड, ओटा, सिंक, संडास, टपावर सोलर पॅनेल असं सगळं बसवतात आणि त्यात फिरतात, काही जण तर त्यातच राहतात. बस कन्व्हर्जन म्हणतात त्याला. मीही त्यातलाच एक, रिटायर झाल्यावर दुसरं काय करणार, बायको म्हणाली गोल्फ शीक, मी बस आणली.

आमची बस जीएमची, म्हणजे जनरल मोटर्सची, पीडी ४१०६. हे मॉडेल १९६१ ते १९६५ एवढीच वर्षं निघालं, पस्तीस फूट लांब, बाहेरून ॲल्युमिनियमचा खाचाखाचांचा पत्रा, इथल्या ग्रेहाउंड कंपनीची जुनी लांब पल्ल्याची बस डोळ्यासमोर आणा म्हणजे झालं. मागे डेट्रॉइट डिझेलचं ८व्ही७१ इंजिन, म्हणजे आठ सिलिंडर आणि प्रत्येक ७१ घन इंचाचा, करा गुणाकार, ५६८ घन इंच, सव्वानऊ लिटरच्या वर जातं. आणि टू-स्ट्रोक बरं का, डिझेल असून टू-स्ट्रोक. आवाज असा की गल्लीत शिरलो की कुत्री आधी आणि माणसं नंतर बाहेर येतात. ऑइलही गळतं, सगळ्यांचंच गळतं. या लोकांत म्हणच आहे की डेट्रॉइट गळायची थांबली तर समजा आतलं ऑइल संपलं.

लोक विचारतात एवढा उपद्व्याप कशाला, तयार मोटरहोम मिळतात की. मिळतात. स्टेपलरच्या पिनांवर उभ्या असतात त्या, दोन खड्डे लागले की कपाटाची दारं हातात येतात. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पण जी बस लाखो मैल धावायला बनवली तिची बॉडी साठ वर्षांनीही कुरकुरत नाही, माझे गुडघे कुरकुरतात.

माझे वडील एसटीत मेकॅनिक होते, सांगली डेपोला. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, हे आमच्या घरात शाळेत जायच्या आधी पाठ व्हायचं, शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला ते नंतर. त्यामुळे हे वेड कुठून आलं ते विचारू नका. तिकडे एखादी जुनी लालपरी घेऊन तिचं घर करावं असं फार मनात होतं, पण आपल्याकडे आरसीवर लिहिलंय त्याच्या पलीकडे गाडीत बदल करायला कायदा आडवा येतो. पुण्यात मात्र पीएमपीच्या जुन्या बसमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं केली होती, ‘ती’ नावाची, ते मला फार आवडलं होतं. असो, विषय कुठे गेला.

तर शुभेच्छा. हे बसवाले हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात. नवीन वर्षाच्या सुमारास फ्लोरिडात आर्केडियाला जमत आलेत, जानेवारीत आमच्या ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला. क्वार्ट्झसाइट म्हणजे दोन-तीन हजार वस्तीचं वाळवंटातलं गाव, हिवाळ्यात बाहेरच्या सरकारी जमिनीवर गाड्यांचा समुद्र होतो. तिथल्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे आणि वर धातूचा उंट. अमेरिकन लष्करानं १८५० च्या दशकात उंट वापरून बघितले होते, त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली तिथे पुरलाय. इथल्या लोकांना हाजी अली म्हणता येईना म्हणून त्याचं हाय जॉली केलं. आमच्या आडनावाचं काय करतात ते मी सांगत नाही.

तर हे लोक भेटले की मेरी ख्रिसमस म्हणतात, नाही असं नाही, पण ते तोंडदेखलं. खरी शुभेच्छा पुढे असते. ‘चमकती बाजू वर राहो, कळकट बाजू खाली राहो’, म्हणजे गाडी उलटी न होवो. नाहीतर सरळ प्रश्न. टायर किती सालचे आहेत? बॅटऱ्या कुठे ठेवल्यास, बाहेर की आत? लिथियमच्या असतील तर शून्याच्या खाली चार्ज करू नकोस हां. आपल्याकडे जसं ‘जेवलास का’, त्याचं उत्तर कोण ऐकतं, पण विचारलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं, तसंच.

आणि या सगळ्यात वरचा प्रश्न, टाक्या ड्रेन केल्यास का?

पाण्याच्या टाक्या नव्हेत, हवेच्या. बसचे ब्रेक हवेवर चालतात. एसटी स्टँडवर ड्रायव्हर गाडी लावतो तेव्हा फुस्स असा आवाज येतो ना, तीच ती हवा. कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून टाकीत भरतो आणि हवेत बाष्प असतंच, ते टाकीत गार झालं की पाणी होतं, फ्रिजमधल्या बाटलीला बाहेरून सुटतं तसंच, फक्त इथे आतून. ते रोज खालची कॉक उघडून काढायचं. नाही काढलं तर साठतं, थंडीत गोठतं, पाइपात बर्फाचं बूच बसतं आणि हवा पुढे जात नाही. आता गंमत ऐका, पार्किंग ब्रेक हवेनं लागत नाही, हवेनं सुटतो. लावते ती स्प्रिंग. हवा पोचली नाही की गाडी जाम. परत सांगतो, हवा असेल तर ब्रेक सुटतो, हवा नसेल तर जाम.

हे मला तेव्हा माहीत होतं का? वाचलेलं होतं.

बस घेऊन आम्हाला दोन महिने झाले होते. मुलगी म्हणाली, बाबा, पोरांना नाताळात बर्फ बघायचाय, तुम्ही बस घेऊन या, आम्ही गाडीनं येतो. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफ, सांगलीहून पुण्याला जावं एवढंच अंतर, १४५ मैल. पण फिनिक्स अकराशे फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ सात हजारांवर, महाबळेश्वरावर अर्धं महाबळेश्वर ठेवा. २४ डिसेंबरला दुपारी निघालो. कॅम्प व्हर्डेच्या पुढे चढ लागला आणि बस एका लयीत रडत वर चढायला लागली, मागे ट्रकांची दिंडी, हीटचा काटा बघत बघत मी हनुमानस्तोत्र म्हणत होतो, ही म्हणाली जरा मोठ्यानं म्हणा, इंजिनालाही ऐकू जाऊ दे. रात्री आठला पोचलो, एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात लावली, तिथे आधीच एक बस उभी होती, कॅनडातल्या विनिपेगच्या कंपनीची एमसी-९, दिवे बंद. आम्ही पिठलंभात खाल्ला, झोपलो.

टाक्या? नाही केल्या. लक्षातच नाही. फिनिक्सच्या कोरड्या हवेत दोन महिने काही झालं नव्हतं, म्हटलं लोक उगाच घाबरवतात.

पहाटे पाचला उठलो तर खिडकीला आतून बर्फ. बाहेर उणे बारा. या इंजिनाला चाळीस नंबरचं जाड ऑइल लागतं, थंडीत त्याची काकवी होते, म्हणून आधी ब्लॉक हीटर लावून इंजिन गरम करायचं आणि त्याला वीज पाहिजे, म्हणून मी आमचा छोटा जनरेटर बाहेर काढून सुरू केला. नाताळच्या पहाटे, पाच वाजता. तीन तास. आठला इंजिनाला स्टार्टर मारला, ते खोकलं, खोकलं आणि एकदम चालू झालं, पांढरा धूर असा की अख्खं पार्किंग गायब. मला इतका आनंद झाला. हवेचा काटा चढला, साठ, ऐंशी, शंभर, एकशे वीस. पार्किंग ब्रेक सोडायचा नॉब दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, बस पुढून जरा खाली वाकली आणि बंद. परत चालू केली, परत तेच. मागची चाकं जमिनीला चिकटल्यासारखी.

तेवढ्यात धुरातून एक म्हातारा आला. सत्तरीच्या पुढचा, बाथरोब, त्याच्यावर ओव्हरकोट, पायात घरातल्या सपाता, बर्फात. मला वाटलं जनरेटरबद्दल भांडायला आलाय, आणि त्याचा हक्कच होता. मी काच खाली करून सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, नॉब परत दाब. मी दाबला. तो मागच्या चाकाकडे कान लावून उभा राहिला. मग आला आणि विचारलं, टाक्या शेवटच्या कधी ड्रेन केल्यास?

मी म्हटलं, ड्रेन?

त्यानं डोळे मिटले. आमच्या वडिलांनी माझ्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची मार्कलिस्ट बघून मिटले होते, अगदी तसेच.

काही न बोलता तो आपल्या बसकडे गेला. आला तेव्हा हातात एक्स्टेन्शन वायर, बायकोचा गुलाबी हेअर ड्रायर, आणि काखेत लाकडाचे दोन जाडजूड ठोकळे. परत जाऊन आणखी दोन. आणि म्हणाला, हे आधी. या बस हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात, फुग्यातली हवा गेली तर अख्खी बस बसते खाली, आणि खाली तू असशील तर संपलास, माणसं मेलीत अशी. चाकांना पुढूनमागून ठोकळे, चासीखाली ठोकळे, मग माणूस खाली. मंडळी, बस नसली तरी तुम्ही कुणी कधी जॅकवर गाडी चढवून खाली शिरत असाल तर ऐका, ठोकळे आधी, माणूस नंतर.

मग तो, सत्तरीचा माणूस, बाथरोबसकट बर्फावर पुठ्ठा टाकून माझ्या बसखाली शिरला. मीही शिरलो, लाज वाटली म्हणून. मागच्या ॲक्सलजवळ मुठीएवढा व्हॉल्व्ह असतो, त्याच्यावर हेअर ड्रायर धरला. मी म्हटलं उकळतं पाणी ओतू का, तो म्हणाला ओत, ओतलेलंही गोठेल आणि मग इस्टरपर्यंत इथेच राहा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि एकदम ड्रायर बंद. जनरेटर बंद. वर हिनं मायक्रोवेव्ह लावला होता, दोन हजार वॉटच्या जनरेटरवर हेअर ड्रायर आणि मायक्रोवेव्ह! मी खालून ओरडलो, ती वरून ओरडली की मग शेंगदाणे कशात भाजू, तो म्हातारा मला विचारतोय काय म्हणतेय ती, मी म्हटलं ब्रेकफास्ट. तो म्हणाला मग तिला ओरडू नकोस.

शेंगदाणे शेवटी गॅसवर भाजले. जनरेटर परत सुरू केला. साधारण चाळीस मिनिटांनी आतून एक बारीकसा आवाज आला, टिक् असा, आणि मग फुस्स. आईशप्पथ, जन्मभर एसटी स्टँडवर ऐकलेला आवाज, पण असा कधी गोड लागला नव्हता. मागची चाकं सुटली, ठोकळ्यांना टेकून थांबली. ठोकळे नसते तर, जाऊ दे.

मग त्यानं माझ्या हातानं टाक्यांच्या कॉक उघडायला लावल्या. पातळ चहाच्या रंगाचं पाणी आलं, वर ऑइलचा तवंग, तांब्याभर सहज असेल. तो त्या पाण्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, बोलला काहीच नाही.

पोहे झाले होते. दोन बश्या खाल्ल्यान्, उभ्यानं, लिंबू पिळून, मिरची बाजूला काढली पण कढीपत्ता खाल्ला, हिला त्याचं फार कौतुक. पोहे इन्स्टंटचे नव्हेत, ती पाकिटं आमच्या बसमध्ये चढत नाहीत. मी पैशांचं विचारलं तर त्यानं असं बघितलं की परत विचारलं नाही. मग हिनं सांगलीहून आलेला भडंगाचा पुडा दिला, तो त्यानं कोटाच्या खिशात कोंबला, हेअर ड्रायर उचलला आणि जाता जाता आठवल्यासारखं म्हणाला, मेरी ख्रिसमस, टाक्या ड्रेन कर. ठोकळे माझ्याकडेच राहिले. अजून आहेत, डाव्या बाजूच्या सामानाच्या खणात.

त्या दिवसापासून दर वर्षी २४ डिसेंबरला संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याचा मेसेज येतो. फोटो नाही, घंटा नाही. टाक्या ड्रेन केल्यास का? एकदा पुढे लिहिलं होतं, ते तिखट पॉपकॉर्न अजून मिळतात का? हिनं दुसऱ्याच दिवशी पार्सल केलं. आणि मीही आता तेच करतो, बसवाल्या चौघापाचांना दर नाताळला हाच प्रश्न पाठवतो, त्यातला एक जण गरम हवेच्या फ्लोरिडात राहतो, त्याच्याकडे गोठायला काही नाही, पण त्यालाही पाठवतो. तो लिहितो, केल्या.

गेल्या नाताळला आम्ही सांगलीत होतो, भावाकडे. बस फिनिक्सला अंगणात उभी, टाक्या कोरड्याठाक, तिन्ही कॉक उघड्या ठेवून आलेलो. २५ तारखेला सकाळी साडेसहाला फोन वाजला, तिकडे २४ ची संध्याकाळ. भाऊ शेजारच्या कॉटवर, अर्धवट झोपेत, म्हणाला एवढ्या सकाळी कुणाचं काय? मी वाचून दाखवलं, मराठीत करून. टाक्या रिकाम्या केल्यास का?

तो ताडकन उठून बसला. म्हणाला, रिकाम्या कशाला करतोयस, आत्ता कुठं नळाला पाणी आलंय, थांब, मोटार लावतो. आणि गेला की जिन्याकडे.