रानात हरवलेला ट्रॅक: नॉर्थ विल्क्सबरोची गोष्ट

नमस्कार मंडळी. हा माझ्या हातातला चहाचा कागदी कप बघा. रिकामा आहे. टेबलावर आडवा ठेवते आणि हलकेच ढकलते. सरळ गेला का? नाही. गोल फिरून परत माझ्याकडेच आला. तोंड मोठं, बूड लहान, म्हणून. आता हीच युक्ती गाडीला लावा. उजवीकडचे टायर घेराने जरा मोठे, डावीकडचे जरा लहान. गाडी आपणहून डावीकडे वळायला बघते. लंबगोल ट्रॅकवर शर्यतभर डावीकडेच वळायचं असतं, त्यामुळे निम्मं काम टायरच करून टाकतात. सरळ पट्ट्यात मात्र ड्रायव्हरला स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागतं. याला म्हणतात स्टॅगर. ही युक्ती अगदी सुरुवातीला वापरणाऱ्यांत राल्फ अर्नहार्ट यांचं नाव घेतात.

राल्फ अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचे, कनापोलिसचे. अक्षरशः गिरणगाव. गिरणीतली नोकरी सोडून त्यांनी शर्यतींवर संसार चालवला. दिवसा घरामागच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करायची, रात्री जवळपासच्या छोट्या ट्रॅकवर पळवायची. १९७३ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी, घरीच हृदयविकाराने गेले. त्यांचा मुलगा डेल तेव्हा २२ वर्षांचा होता. या घराण्याचं नाव लक्षात ठेवा, गोष्ट पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

आजचा विषय आहे शॉर्ट ट्रॅक. एक मैलापेक्षा लहान ट्रॅक. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराजवळ राहायला आले तेव्हा मला वाटायचं, गाड्यांची शर्यत म्हणजे बड्या कंपन्यांचा खेळ. इथल्या डोंगरातल्या गावांनी माझा समज पार बदलला. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून घेतलेली साधी गाडी. आणि ती वेगात पळवायची कला आली हातभट्टीच्या दारूतून!

इथली विल्क्स काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, त्यासाठीच गाजलेली. डोंगरात भट्ट्या, आणि रात्री दिवे मालवून माल शहरात पोचवणारी पोरं. वरून गाडी साधी दिसली पाहिजे, आतून इंजिन तगडं. दारूच्या वजनाने मागची बाजू खाली बसू नये म्हणून स्प्रिंगा बदललेल्या. १९ जून १९४९ ला शार्लटला नॅसकारची, म्हणजे स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेची, साध्या गाड्यांची पहिली शर्यत झाली, तेव्हा पहिल्या आलेल्या ग्लेन डनवेला बाद केलं ते याच स्प्रिंगांपायी. बक्षीस मिळालं जिम रोपरला. त्या मोसमाची शेवटची शर्यत झाली नॉर्थ विल्क्सबरोला.

तो ट्रॅक १९४७ मध्ये ईनॉक स्टेली यांनी उभा केला. लांबी पाच अष्टमांश मैल, म्हणजे आपला एक किलोमीटर. सपाटीकरणाला पैसे उरले नाहीत, असं सांगतात. त्यामुळे पुढचा पट्टा उताराचा आणि मागचा चढाचा. आजही तसाच आहे. दारू पोचवता पोचवता नामवंत ड्रायव्हर झालेले जुनियर जॉन्सन याच काउंटीचे. शेतात खेचरामागे नांगर धरला असताना भाऊ आला आणि थेट शर्यतीला घेऊन गेला, हा किस्सा ते स्वतः सांगायचे. रस्त्यावर पोलिसांना ते कधी सापडले नाहीत. सापडले ते १९५६ मध्ये, वडिलांच्या भट्टीवर, आणि जवळपास अकरा महिने तुरुंगात काढले. ड्रायव्हर म्हणून एकूण ५० शर्यती जिंकले. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली.

पण जुने दिवस सगळ्यांना सारखे गोड नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. वेंडेल स्कॉट हे व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचे कृष्णवर्णीय ड्रायव्हर. स्वतःची गाडी स्वतः बांधायचे, पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागी, मदतीला मुलं. १ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. स्कॉट पहिले आले, पण झेंडा आणि जल्लोष मिळाला बक बेकरना. प्रेक्षक घरी गेल्यावर अधिकाऱ्यांनी चूक कबूल केली. स्कॉट १९९० मध्ये वारले. त्या विजयाची ट्रॉफी नॅसकारने त्यांच्या कुटुंबाच्या हातात दिली ती २०२१ मध्ये. अठ्ठावन्न वर्षांनी! हे वाचलं की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

पुढे पैसा आला, टीव्ही आला. १९७२ पासून नॅसकारच्या मुख्य मालिकेतल्या कमी अंतराच्या शर्यती गाळल्या आणि कितीतरी छोटे ट्रॅक मागे पडले. नॉर्थ विल्क्सबरो तरीही टिकून होतं. १९९५ मध्ये स्टेली गेले, ट्रॅक विकला गेला. नव्या मालकांनी इथल्या वर्षाच्या दोन शर्यती उचलल्या. एक टेक्ससला, एक न्यू हॅम्पशायरला. २९ सप्टेंबर १९९६ ला शेवटची शर्यत जेफ गॉर्डन जिंकला. दुसरा आला डेल अर्नहार्ट, राल्फ यांचा तोच मुलगा.

मग कुलूप. मध्ये थोडा काळ लहान शर्यती झाल्या, टिकल्या नाहीत. डांबराला भेगा पडल्या, भेगांतून गवत वर आलं, छप्परं खचली. लोज ही अवजारांच्या दुकानांची मोठी साखळी याच गावात जन्मली, तिचं मुख्यालयही दुसरीकडे गेलं. गावाच्या हातात उरलं काय?

डिसेंबर २०१९ मध्ये काही माणसं विळे-फावडी घेऊन आली. संगणकावरच्या शर्यतीच्या खेळासाठी ट्रॅकचं लेझर स्कॅनिंग करायचं होतं, निदान नकाशा तरी जपून राहावा म्हणून. त्यांच्यात पुढे होता डेल अर्नहार्ट जुनियर. राल्फ यांचा नातू भेगांतलं तण उपटत होता! त्याच महिन्यात ८८ वर्षांचे जुनियर जॉन्सन वारले.

पुढे राज्य सरकारने दुरुस्तीला पैसे दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये डेल जुनियर इथे शर्यतीत उतरला आणि तिसरा आला. मे २०२३ मध्ये नॅसकारची निवडक ड्रायव्हरांची ऑल-स्टार शर्यत इथे झाली, त्याच जुन्या, झिजलेल्या डांबरावर.

नंतर एकदा मी त्या ट्रॅकवर शर्यत पाहिली. शेजारी एक आजोबा बसले होते, लहानपणी वडिलांबरोबर याच बाजूला बसायचे म्हणाले. पहिल्या काही फेऱ्या ते बोललेच नाहीत. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाले, "डोळे मिट. चढावर इंजिन कण्हतं आणि उताराला लागलं की मोकळं होतं. तेवढं ऐक."

मी डोळे मिटले. खरंच, प्रत्येक फेरीला ऐकू येत होतं.